अंधारांतला माणूस

चोराची गोष्ट आणि सभ्य घर यांचें नातें फार जुनें आहे. दिवेलागणीनंतर मुलें जी गोष्ट हट्टानें मागून घेतात ती बहुधा राजाची नसते, चोराची असते. आणि घरांतील वडील मंडळी वर्तमानपत्र उघडतात तेव्हां अग्रलेखाकडे वळण्यापूर्वीं त्यांचे डोळे खुनाच्या बातमीवरून फिरून आलेले असतात, हें कोणीं कबूल केलें नाहीं तरी खोटें नाहीं. असें असूनहि गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या दूरचित्रवाणी संचावर फ्रान्स देशाचे जुने गुन्हेगारी बोलपट दिसूं लागले, तेव्हां माजघरांतून प्रश्न आलाच : चोर, मारेकरी आणि त्यांच्या संगतीला लागलेल्या बायका यांच्या कथा पाहून या वयांत काय साधावयाचें आहे? प्रश्न रास्त होता. तो वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं विचारला जाईल, आणि विचारला जावा असेंच मला वाटतें. म्हणून त्याचें उत्तर आज या पानावर सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

पहिलें उत्तर आपल्याच घरांतलें आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा तिसरा अंक ज्यांनीं वाचला असेल, किंवा देवलांच्या नाटकांतून ज्यांच्या कानांवर ती कथा गेली असेल, त्यांना शर्विलक आठवेल. हा वेदवेत्त्या ब्राह्मणाचा पुत्र मध्यरात्रीं चारुदत्ताच्या भिंतीला भोंक पाडावयास येतो, आणि तें काम तो एखाद्या शास्त्र्याच्या गांभीर्यानें करतो. भिंत भाजक्या विटांची कीं कच्च्या विटांची, मातीची कीं लांकडाची, याचा तो प्रथम विचार करतो. भोंकाचे सात आकार त्याला पाठ आहेत. उमललेलें कमळ, सूर्य, बालचंद्र, विहीर, स्वस्तिक अशीं त्यांचीं नांवें. आणि भाजक्या विटांना पूर्णकुंभच शोभतो असा त्याचा निर्णय होतो. मापाची दोरी घरीं विसरली असें लक्षांत येतांच तो गळ्यांतल्या जानव्यानें माप घेतो, आणि ब्राह्मणाच्या, विशेषतः आपल्यासारख्या ब्राह्मणाच्या, हातीं ही किती उपयोगाची वस्तु आहे हें आपल्यालाच समजावून सांगतो. जुनें दार करकरूं नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, आणि दिवा मालवावयास किडा सोडतो. हा सगळा खटाटोप कशासाठीं? मदनिका नांवाच्या दासीला मोल देऊन दास्यांतून सोडविण्यासाठीं. पुढें चोरलेले दागिने मदनिकेची धनीण जी वसंतसेना तिचेच निघतात, आणि सर्व कांहीं समजूनहि तीच मदनिकेला मुक्त करून त्याच्या स्वाधीन करते. ज्या वाङ्मयांत हा प्रसंग आहे त्याच्या वारसांनीं गुन्हेगाराच्या कथेकडे पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

शर्विलकाचे गुरुबंधू शोभतील असे चोर मला ‘रिफिफी’ या १९५५ सालच्या बोलपटांत भेटले. त्याचा दिग्दर्शक ज्यूल्स डासिन हा मूळचा अमेरिकन. साम्यवादी संबंधांवरून तिकडील चित्रव्यवसायाचीं दारें त्याला बंद झालीं, म्हणून तो युरोपांत आला होता. कथा अशी कीं, चार माणसें पॅरिसमधील एका जवाहिऱ्याच्या दुकानांत वरच्या मजल्यावरून उतरतात. ही घरफोडी पडद्यावर सुमारें अर्धा तास चालते, आणि त्या अर्ध्या तासांत एक शब्द उच्चारला जात नाहीं कीं वाद्याचा एक सूर उमटत नाहीं. वरच्या जमिनीला भोंक पाडतांना चुना-विटांचे तुकडे खालीं पडून आवाज होईल, म्हणून पहिल्या लहानशा छिद्रांतून मिटलेली छत्री खालीं सोडून ती उघडतात आणि सर्व चुरा तींत झेलतात. धोक्याची घंटा वाजूं नये म्हणून आग विझविण्याच्या नळकांड्यांतील फेस तिच्यांत भरतात. जानव्यानें भिंत मापणारा आणि छत्रींत चुना झेलणारे हे एकाच गुरुकुलांतले, याविषयीं मला शंका उरली नाहीं. तिजोरी फोडणाऱ्या इटालियन कारागिराची भूमिका खुद्द डासिन यानेंच केली आहे, आणि त्या वर्षीं कान येथील महोत्सवांत दिग्दर्शनाच्या पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला.

परंतु या चित्रपटाचें खरें मोल त्या अर्ध्या तासांत नाहीं, त्यापुढच्या भागांत आहे. चोरी निर्विघ्न पार पडते. मग चौघांपैकीं एकजण मालांतली एक अंगठी एका स्त्रीला भेट देतो, आणि तेथून सर्वनाशास आरंभ होतो. आपल्या शाकुंतलांत अंगठी सांपडतांच हरवलेला संसार परत मिळतो. येथें अंगठी दिसतांच चौघांचे संसार धुळीस मिळतात. चौघांपैकीं एकहि जिवंत राहत नाहीं. प्रेक्षकाला अर्धा तास त्यांच्या कौशल्याशीं इतकें एकरूप करून घेतलेलें असतें कीं, शेवटीं तो न्यायाधीश म्हणून उठत नाहीं; एका घरचें सुतक पाहून आलेल्या माणसासारखा उठतो. उपदेश एका वाक्यानेंहि केलेला नाहीं, आणि तरी चोरीचें आकर्षण उरत नाहीं.

या परंपरेचा उगम पाहावयाचा तर बरेंच मागें जावें लागतें. लुई फयाद यानें १९१३ सालापासून ‘फान्तोमास’ या बहुरूपी दरोडेखोराचीं मूकचित्रें काढलीं. १९३२ सालीं झां रन्वार यानें सिमेनोंच्या कादंबरीवरून मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याची कथा पडद्यावर आणली. परंतु खरा बहर १९३७ ते १९३९ या तीन वर्षांत आला, आणि त्याचा नायक बहुतेक वेळां एकच होता. झां गाबँ हा नट दिसावयास रुंद खांद्यांचा, बोलावयास थोडका, आणि भूमिका पाहाव्या तर कधीं आगगाडीचा इंजिनड्रायव्हर, कधीं पलटणींतून पळालेला शिपाई, कधीं कारखान्यांतला मजूर. ज्यूलियँ द्यूव्हिव्हिए याच्या ‘पेपे ल मोको’ या १९३७ सालच्या चित्रांत तो अल्जीअर्स शहरांतील कसबा नांवाच्या दाट वस्तींत दडून बसलेला दरोडेखोर आहे. त्या गल्ल्यांच्या चक्रव्यूहांत पोलिसांचें कांहीं चालत नाहीं, आणि त्या चक्रव्यूहांतून त्याला स्वतःला बाहेर पडतां येत नाहीं. म्हणजे जो त्याचा किल्ला तोच त्याचा तुरुंग. पुढच्याच वर्षीं मार्सेल कार्ने यानें कवि झाक प्रेव्हेर याच्या लेखणीच्या साह्यानें ‘ल के दे ब्रूम’, म्हणजे धुक्यांतला धक्का, हें चित्र काढलें. बंदरावरचें धुकें, ओले दगडी रस्ते, एकच दिवा जळत असलेली खाणावळ, आणि दूर निघून जाणारें जहाज : या चार गोष्टींतून निराशेचें असें वातावरण निर्माण झालें कीं, फ्रेंच समीक्षकांनीं या शैलीला काव्यमय वास्तववाद असें नांव दिलें.

ही निराशा नुसती लेखकाच्या मनांतली नव्हती. १९३६ सालीं फ्रान्सांत डाव्या पक्षांच्या आघाडीचें सरकार आलें. कामगारांना पगारी सुट्टी आणि चाळीस तासांचा आठवडा मिळाला. दोन वर्षांत ती आशा मावळली आणि सरहद्दीपलीकडून युद्धाची चाहूल ऐकूं येऊं लागली. १९४० सालीं फ्रान्सचा पराभव झाल्यावर, असल्या चित्रांनींच राष्ट्राचें मन खचविलें असा आरोप झाला. तेव्हां वादळ आलें म्हणून वायुभारमापकाला दोष देतां येत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर कार्ने यानें दिल्याचें सांगतात.

त्याच दिग्दर्शकाचें १९३९ सालचें ‘ल जूर स लेव्ह’, म्हणजे दिवस उजाडतो, हें चित्र मला या साऱ्यांत श्रेष्ठ वाटतें. आरंभींच एका उंच इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर बंद दाराआड गोळी सुटल्याचा आवाज होतो, आणि एक माणूस जिन्यावरून गडगडत खालीं येतो. मारणारा फ्रांस्वा नांवाचा मजूर. मेलेला माणूस कुत्र्यांचे खेळ करून दाखविणारा, गोड बोलून बायकांना फशीं पाडणारा एक धूर्त. पोलीस घराला वेढा देतात. फ्रांस्वा दाराला कपाट लावून खोलींत बसतो. काड्या संपल्या आहेत, म्हणून एका सिगारेटीवर दुसरी पेटवीत तो रात्र काढतो, आणि आपण येथवर कसे आलों तें त्याला तुकड्यातुकड्यांनीं आठवूं लागतें. दोन अनाथालयांत वाढलेलीं दोन पोरकीं माणसें एकमेकांना भेटलीं होतीं, एवढीच ती सुखाची गोष्ट. आणि त्या धूर्तानें तींत विष कालविलें. खालीं रस्त्यावर शेजारी आणि सोबती जमले आहेत. ते ओरडून सांगतात कीं, तूं भला माणूस आहेस, खालीं ये, आम्हीं साक्ष देऊं. तो खिडकींत येऊन त्यांच्यावरच ओरडतो आणि पुन्हां आंत वळतो. पहांटे दुसरी गोळी सुटते. खोलींत उजेड येतो तेव्हां कामावर जाण्यासाठीं लावलेलें गजराचें घड्याळ वाजत असतें, आणि तें बंद करावयास कोणी उरलेलें नसतें.

आतां या चित्रांना ‘काळीं चित्रें’ हें नांव कसें पडलें तें थोडक्यांत सांगतों. जर्मन ताब्याच्या काळांत फ्रान्सांत अमेरिकन बोलपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर १९४६ सालच्या उन्हाळ्यांत ते पॅरिसमध्यें एकदम दाखल झाले. जॉन ह्यूस्टनचें ‘माल्टीज फाल्कन’, बिली वाइल्डरचें ‘डबल इन्डेम्निटी’, ओटो प्रेमिंजरचें ‘लॉरा’ हीं चित्रें एकामागून एक पाहून नीनो फ्रँक या समीक्षकानें त्या वर्षीं ऑगस्टमध्यें लिहिलेल्या लेखांत त्यांना ‘फिल्म नोआर’ म्हटलें. आदल्या वर्षींच पॅरिसमध्यें ‘सेरी नोआर’ म्हणजे काळी माला या नांवाची गुन्हेगारी कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली होती. गमतीची गोष्ट अशी कीं, फ्रेंच डोळ्यांना त्या अमेरिकन चित्रांत जें नवें वाटलें त्यांतील पुष्कळसें पॅरिसवरूनच तिकडे गेलें होतें. हिटलर १९३३ सालीं सत्तेवर आल्यावर बर्लिनचे अनेक चित्रकार देशोधडीस लागले. वाइल्डर त्यांतलाच, आणि त्याचें दिग्दर्शक म्हणून पहिलें चित्र, मोटारी चोरणाऱ्यांच्या टोळीविषयींचें, पॅरिसमध्येंच निघालें. कार्नेच्या ‘धुक्यांतल्या धक्क्या’चा छायालेखक शुफ्टान आणि ‘दिवस उजाडतो’चा छायालेखक कूरांट, हे दोघेहि जर्मनींतून पळालेले. अर्धा चेहरा उजेडांत आणि अर्धा काळोखांत ठेवण्याची ती प्रकाशयोजना निर्वासितांच्या सामानाबरोबर देशोदेशीं पोहोंचली.

ती आपल्याकडेहि आली, आणि येथें मी आमच्या जिल्ह्याच्या गोष्टीवर येतों. १९३३ सालीं ‘सैरंध्री’ या चित्राचें रंगीत मुद्रण करून घेण्यासाठीं शांताराम जर्मनीला गेले. रंग साधले नाहींत. पण तिकडची छायाप्रकाशाची दृष्टि त्यांनीं बरोबर आणली, आणि ती पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीच्या पुढील चित्रांत दिसूं लागली. १९३९ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं फ्रांस्वा त्या खोलींत मेला त्याच वर्षीं, प्रभातचा ‘माणूस’ निघाला. त्याचा नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई. ती भूमिका करणारे शाहू मोडक हे १९१८ सालीं अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथें ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले. कुंटणखान्यावर धाड पडते, आणि गणपत तेथल्या मैनेला पकडण्याऐवजीं वांचवितो. मैनेची भूमिका शांता हुबळीकर यांनीं केली आहे. दोघांचें प्रेम जडतें, आणि तो तिला प्रतिष्ठित संसारांत आणूं पाहतो. पुढें मैनेच्या हातून तिच्या दुष्ट मामाचा खून होतो. ती तुरुंगांत जाते, आणि गणपत तिला सोडवूं पाहतो तेव्हां ती नकार देते.

रात्र, गल्लीबोळ, पोलीस, पतित स्त्री, खून : सर्व साहित्य तेंच आहे. ‘काळें चित्र’ हें नांव जन्मण्यापूर्वीं सात वर्षें पुण्यांत असें चित्र निघालें, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु दोन ठिकाणीं तें फ्रेंच चित्राहून वेगळ्या वाटेनें जातें, आणि माझ्या मतें त्या दोन ठिकाणींच विचार करण्याजोगें पुष्कळ आहे.

पहिलें ठिकाण दाराचें. फ्रांस्वानें दाराला कपाट लावलें होतें. गणपतच्या घरचें दार उघडें आहे. त्याची आई देवधर्म करणारी, जुन्या वळणाची बाई. आणि ती मैनेचा स्वीकार करते. कथा येथें सुखानें संपावयास हवी होती. ती संपत नाहीं, कारण मैनेलाच त्या घरांत राहतां येत नाहीं. बाहेरच्या जगानें तिला जें नांव ठेवलें तें तिच्या अंतःकरणांत इतकें खोल गेलें आहे कीं, तें देवघर, ती तुळस, ती माया यांच्यासमोर ती स्वतःलाच अपराधी ठरविते आणि पळून जाते.

हा भाग अतिशयोक्त आहे असें कोणी म्हणेल. माझ्या वर्गांतून गेलेला एक मुलगा पुढें एका पतपेढींत कारकून झाला, आणि अफरातफरीच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून गांवीं परत आला. त्याच्या आईनें पहिल्या दिवशीं त्याला नेहमींच्या पाटावर बसवून वाढलें. गांवांतहि कोणीं त्याच्याशीं बोलणें टाकलें नाहीं. मात्र कार्याच्या घरीं त्याचें पान मांडतांना वाढपी क्षणभर थांबे, आणि हिशेबाची वही त्याच्या समोरून कोणी सहज उचलून आंत नेई. सहा महिन्यांनीं तो गांव सोडून गेला. त्याला कोणीं घालविलें असें म्हणतां येणार नाहीं. मैना कां पळाली हें ज्यांना समजत नसेल त्यांनीं त्या क्षणभर थांबणाऱ्या हाताचा विचार करावा. शिक्षा संपल्याचा दिवस कोर्ट ठरवितें. परंतु ती खरोखर संपली कीं नाहीं हें आपल्या ओसरीवर ठरतें.

दुसरें ठिकाण शेवटाचें. १९३५ सालीं निघालेल्या ‘देवदास’ या चित्रानें हताश होऊन मरणाऱ्या प्रेमिकाचें मोठें आकर्षण उत्पन्न केलें होतें, आणि शांतारामांना त्याला उत्तर द्यावयाचें होतें. गणपतच्याहि मनांत जीव देण्याचा विचार येतो. परंतु चित्र त्याला तेथें सोडून देत नाहीं; तो पुन्हां आपल्या कामावर उभा राहतो. दैव आणि पुरुषकार यांचा वाद आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ केला आहे. फ्रेंच चित्रांत दैव जिंकतें आणि तें जिंकतांना अतिशय सुंदर दिसतें. ‘माणूस’ मध्यें दैव जिंकूनहि शिपाई दुसऱ्या दिवशीं पहाऱ्यावर जातो. कलेच्या दृष्टीनें पहिला शेवट अधिक घोटीव असेल. परंतु ज्या घरांत परीक्षेंत नापास झालेला, नोकरी गेलेला किंवा लग्न मोडलेला एखादा तरुण रात्रीं उशिरापर्यंत जागत बसलेला असतो, त्या घरानें दोन्ही चित्रें पाहावीं, आणि पाहून झाल्यावर त्यांविषयीं बोलावें. नुसतें पहिलें पाहून दिवा मालवूं नये.

चित्रें निवडतांना तारतम्य ठेवावें, हेंहि सांगितलें पाहिजे. ‘रिफिफी’ लहान मुलांसमोर लावण्याजोगा नाहीं. त्यांत स्त्रीला मारहाण होते आणि रक्तपातहि आहे. सोळा वर्षांवरील मुलांबरोबर आरंभ करावयाचा तर झाक बेकेर याचें १९६० सालचें ‘ल त्रू’, म्हणजे भोंक, हें चित्र घ्यावें. पॅरिसच्या सांते तुरुंगांत पांच कैदी जमीन फोडून वाट काढतात. १९४७ सालच्या खऱ्या घटनेवरून तें रचलेलें आहे, आणि त्या घटनेंत प्रत्यक्ष असलेल्या एकानें त्यांत काम केलें आहे. श्रम, विश्वास आणि विश्वासघात या तिन्हींवर इतकें सरळ चित्र क्वचितच निघालें असेल. मग ‘पेपे ल मोको’, आणि शेवटीं ‘दिवस उजाडतो’. पडद्याखालीं येणारीं इंग्रजी वाक्यें वाचीत पाहावें लागतें. घरांतल्या मुलानें तीं मोठ्यानें वाचून मराठींत सांगावीं, म्हणजे आजीचाहि प्रश्न सुटतो आणि मुलाचें भाषांतरहि सुधारतें. शब्द थोडे आणि मुद्रा बोलक्या, यामुळें कांहीं वेळानें त्या वाक्यांची गरजहि फारशी भासत नाहीं.

आज दररोज रात्रीं घरोघर गुन्ह्यांच्या मालिका चालतात. त्यांत खून कसा झाला हें सांगितलें जातें, खुनी कोण तें शोधलें जातें, आणि बेड्या पडतांच आपण निश्चिंत होऊन झोपीं जातों. जणूं दुष्टता ही दुसऱ्या कोणाच्या घरची वस्तु आहे आणि ती आतां कुलपांत गेली. हीं जुनीं चित्रें ती निश्चिंती देत नाहींत. बेड्या पडलेल्या माणसाला आई होती, त्याला सिगारेट पेटवावयास काडी उरली नव्हती, त्याच्या कामाची वेळ झाली होती, हें तीं दाखवितात. गुन्ह्याला क्षमा करा असें तीं म्हणत नाहींत. गुन्हेगार ही निराळी जात आहे असें मानूं नका, एवढेंच म्हणतात.

‘माणूस’ नंतर दुसऱ्याच वर्षीं, १९४० सालीं, प्रभातनें ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. आणि कुंटणखान्याच्या जिन्यावरून उतरलेल्या त्याच शाहू मोडकांनीं त्यांत ज्ञानेश्वरांची भूमिका केली. नगरच्या एका ख्रिस्ती तरुणानें, नगर जिल्ह्यांतल्याच नेवाशास शके १२१२ मध्यें ज्यांनीं ग्रंथ सांगितला त्या महापुरुषाचें रूप घेतलें, आणि महाराष्ट्रानें तें डोळे भरून पाहिलें. त्या ग्रंथाच्या अखेरीस देवापाशीं जें मागणें मागितलें आहे त्यांत दुष्टांचा नाश कोठेंहि मागितलेला नाहीं. त्यांच्या मनाचा वांकडेपणा जावा आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी, एवढेंच मागितलें आहे. तें मागणें आपण लहानपणापासून हात जोडून म्हणत आलों. त्यांतला ‘दुष्ट’ कसा दिसतो, कोणत्या खोलींत बसतो आणि पहांटेपर्यंत काय आठवीत असतो, हें मात्र पुष्कळांनीं कधीं पाहिलेलें नसतें. तें पाहावें, म्हणून हीं चित्रें पाहावीं. आणि पाहून झाल्यावर आपल्या ओसरीवर कोणाचें पान मांडतांना हात थांबतो, याचा एकदां शोध घ्यावा.